एकानं काय होतंय

ध्रुवज्योती समाजदारनं बी.ए.चं प्रमाणपत्र ट्राममध्ये हरवलं, तिथून त्याची कारकीर्द सुरू झाली. गडियाहाटला उतरताना हातातली गुंडाळी बाकावरच राहिली आणि ट्राम पुढे निघून गेली. नक्कल मिळवायची तर आधी वर्तमानपत्रात 'हरवले आहे' अशी सूचना छापावी लागते, म्हणून तो धर्मतल्ल्याला एका दैनिकाच्या कचेरीत गेला. तिथे दोन रांगा होत्या. जी रांग छोटी दिसेल तिच्यात उभं राहायचं, हा त्याच्या अंगचा एकमेव व्यवहारी गुण. ती छोटी रांग निघाली नोकरीच्या मुलाखतीची. आतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला, सूचना वाचली, शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही म्हणून मान डोलावली आणि सोमवारपासून छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसायला सांगितलं. प्रमाणपत्र कुठंय असं कुणी विचारलंच नाही. ते हरवल्याचा लेखी पुरावा त्यांच्याच हातात होता.

ध्रुवज्योती हे नाव पगारपत्रकापुरतं. बाकी साऱ्या दक्षिण कोलकात्यात तो भोंबल. पुढे तो मोठा साहेब झाला तेव्हाही लेक मार्केटातला मासळीवाला त्याला हाक मारून सांगायचा, "भोंबलदा, आजची रुई घेऊ नका, कालची आहे," आणि शेजारी उभे असलेले दोन-चार जण या साहेबाकडे वळून बघायचे.

खिडकीवर वर्ष झालं असेल नसेल, तोच त्याच्या हातून घोटाळा झाला. टालीगंजमधला एक फ्लॅट आणि बेहालाची एक उपवर मुलगी, या दोघांच्या मजकुराची अदलाबदल झाली. रविवारी सकाळी 'वर पाहिजे' या मथळ्याखाली छापून आलं: 'दक्षिणाभिमुख, हवेशीर, कसलंही कर्ज नाही, कागदपत्रं स्वच्छ, ताबा त्वरित.' मुलीचे वडील छत्री उगारून आले. पण त्या मुलीला जेवढी स्थळं सांगून आली तेवढी त्या स्तंभात कधी कुणाला आली नव्हती. फ्लॅट मात्र 'शांत स्वभावाचा आणि गृहकृत्यदक्ष' ठरला आणि बरीच वर्षं पडून राहिला. साहेबांनी भोंबलला मोठ्या जाहिरातींच्या खात्यात बढती दिली. पोराला गिऱ्हाइकाची नाडी कळते, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. भोंबलला स्वतःची नाडीसुद्धा मनगटावर सापडत नसे.

मग इंटरनेट आलं. दैनिकानं एक संकेतस्थळ काढायचं ठरवलं आणि त्याचा प्रमुख कोण, असा प्रश्न निघाला. कचेरीत रोज संगणक चालू करणारा माणूस एकच होता, कारण भोंबल दुपारी त्यावर पत्ते खेळायचा. ते संकेतस्थळ वर्षभरात बुडालं. पण ज्याच्या हातून एक तरी संकेतस्थळ बुडालंय असा अनुभवी माणूस त्या काळात शहरात दुसरा नव्हता, म्हणून एका जाहिरात कंपनीच्या टुटुलदांनी त्याला बोलावून घेतलं.

टुटुलदा, म्हणजे टुटुल लाहिडी, हे त्या एजन्सीचे मालक. उंच, पांढऱ्या दाढीचे, बारा महिने खादीचा झब्बा घालणारे आणि बारा महिने लंडनच्या आठवणी सांगणारे. त्यांच्याकडे भोंबलचा हुद्दा दर दोन-तीन वर्षांनी लांबत गेला आणि काम आखूड होत गेलं. सुरुवातीला तो जाहिराती लिहायचा. नंतर जाहिराती लिहिणाऱ्यांना सूचना करायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो 'पूर्व विभागाचा डिजिटल प्रमुख' झाला तेव्हा त्याचं मुख्य काम रंगीत आलेख दाखवून मान हलवणं एवढंच उरलं होतं. आलेखातली रेघ वर गेली तर हळू हलवायची, खाली गेली तर विचारपूर्वक. लग्नकार्यात कुणी विचारलं की आपली ही सगळी चढण तो स्वतःच रंगवून सांगायचा. "मी शिडी चढलोच नाही हो," असं म्हणायचा, "दर वेळी पाय घसरला आणि वरच्या मजल्यावर पडलो." लोक हसत आणि त्याला विनयशील समजत. त्याची बायको केतकी तेवढी हसत नसे. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि खरी माहिती विनोद म्हणून खपवलेली तिला लगेच कळायची.

केतकीचे वडील बनबिहारी धर त्यांच्याकडेच राहत. बंदरावर हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांना शुगर होती. घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडे. शुगर वाढली, शुगर उतरली, शुगरची गोळी घेतली का, शुगरवाल्यांनी भात खायचा नाही. केतकीनं स्वयंपाकघरातला साखरेचा डबा कपाटात कुलपात ठेवला होता आणि किल्ली तिच्या पर्समध्ये असे. भोंबलही सासऱ्यांच्या धाकानं बिनसाखरेचा चहा प्यायला शिकला होता. गेल्या दुर्गापूजेत त्यानं म्हाताऱ्याला एक चांगला मोबाईल घेऊन दिला होता. बनबिहारीबाबू दिवसभर त्यावर आपल्या दुखण्याचा अभ्यास करत बसत.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी भवानीपूरचे गदाधर मोदक एजन्सीत आले. त्यांच्या घराण्याचं संदेशाचं, म्हणजे छेन्याच्या बंगाली मिठाईचं, दुकान पणजोबांच्या काळापासूनचं. खजुराचा नवा गूळ बाजारात आला की त्यांच्या दुकानासमोर पहाटेपासून झुंबड उडायची, ती अलीकडे उडेनाशी झाली होती. गदाधरबाबू ठेंगणे, गोरे, धुतल्या तांदळासारखे स्वच्छ. बोलता बोलता त्यांचा आवाज कापरा होई. आजकालची पोरं वाढदिवसाला केक कापतात, परीक्षा पास झाली की पिझ्झा मागवतात. आपल्या नातवानं तर परवा शेजाऱ्याच्या दुकानातला केक आपल्याच घरात आणला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आपला संदेश त्या पोरांच्या मोबाईलवर दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

कितीतरी वर्षांनी भोंबलला स्वतः लेखणी धरावीशी वाटली. त्यानं हाताखालच्यांना बाजूला सारलं आणि एका दुपारी ओळ लिहिली: 'एकानं काय होतंय.' वर छायाचित्रात एक संदेश, नव्या गुळाच्या रंगाचा, कडेला किंचित खाल्लेला. बस्स. टुटुलदांनी ती ओळ तीनदा मोठ्यानं वाचली आणि लंडनची आठवण न सांगता चहा मागवला.

मग ती जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवायचं होतं. लोक मोबाईलवर काय शोधतात त्यावरून हे ठरतं. आपण शब्द भरून द्यायचे. ते शब्द जो शोधेल त्याच्यापुढे जाहिरात येते आणि ज्या शब्दावर जास्त बोटं पडतात तिकडे यंत्र आपलं आपण जास्त जाहिरात ढकलतं. हेही काम भोंबलनं हौसेनं घरी बसून स्वतः केलं. मिठाई लिहिलं, गोड लिहिलं, संदेश, रसगुल्ला, गूळ, खजूर, पायस लिहिलं. अजून एखादा हवा, तरुणांच्या तोंडचा, असं वाटून थोडं थांबला. पुढ्यात बिनसाखरेचा चहा होता. त्याकडे बघत त्यानं शेवटचा शब्द टाकला: शुगर.

पहिल्या आठवड्यातच आलेखातली रेघ छताला लागली. एजन्सीच्या इतिहासात असा प्रतिसाद कुणी पाहिला नव्हता. गदाधरबाबूंनी रात्रपाळीचे कारागीर वाढवले, पत्र्याच्या डब्यांऐवजी कागदी खोकी आणली आणि भोंबलच्या टेबलावर रोज मातीच्या मडक्यातून गूळ येऊ लागला. फोन केला की ते एकच वाक्य म्हणायचे, "समाजदारबाबू, पोरं परत आली." गोव्याला जाहिरातवाल्यांचा मोठा मेळावा भरतो, तिथल्या पारितोषिकासाठी टुटुलदांनी या मोहिमेचं नाव पाठवलं. भोंबलला मुंबईच्या कचेरीत न्यायचं घाटत होतं. तिथला हुद्दा इतका लांब होता की कार्डावर दोन ओळींत बसवावा लागणार होता. त्यानं आरशासमोर तो एकदा म्हणून पाहिला. मध्येच दम लागला.

डिसेंबरात गदाधरबाबूंना आणखी एक कल्पना सुचली. रवींद्र सरोवराच्या एका फाटकाजवळचं बाकडं, हा पत्ता देऊन रोज सकाळी कुणीतरी संदेश मागवत होतं. एक खोकं नव्हे, चांगली चार-पाच. तळ्यावर पळायला येणारा तरुणांचा घोळका असणार, त्यांचीच छोटी फिल्म काढू, असं त्यांनी सुचवलं. भोंबल छायाचित्रकाराला घेऊन सकाळीच तळ्यावर गेला. गदाधरबाबू रेशमी शाल पांघरून आधीच येऊन थांबले होते.

धुकं होतं. बाकड्यावर माकडटोप्या घातलेली आठ-नऊ डोकी ओळीनं बसली होती. मध्ये वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर उघडी खोकी. सगळे गप्प होते आणि तल्लीन होऊन खात होते. कडेच्या टोपीवर कानाजवळ पिवळ्या लोकरीचं ठिगळ होतं. ते ठिगळ भोंबलच्या ओळखीचं होतं, कारण मागच्या थंडीत केतकीनंच ते विणून लावलं होतं.

बनबिहारीबाबूंनी मान वर केली. तोंड भरलेलं होतं. त्यांनी घास गिळला, बोटं रुमालाला पुसली आणि बंदरावर एखाद्या उशिरा आलेल्या कारकुनाकडे पाहावं तसं जावयाकडे पाहिलं.

"बाबाजीवन," जावयाला मारायच्या नेहमीच्या हाकेनं ते म्हणाले, "केतकीला हे कळता कामा नये."

छायाचित्रकारानं सवयीनं कॅमेरा सुरू केला होता, तो भोंबलनं हातानं खाली केला.

"बाबा, तुमची शुगर…"

"हो ना, शुगरच. मी रोज शोधतो. शुगर वाढली तर काय करावं, शुगरला कारल्याचा रस चालतो का. आणि दर वेळी खाली एकच उत्तर येतं. एकानं काय होतंय. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, डॉक्टरच सांगताहेत."

बाकीच्या टोप्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही तसंच आलं होतं. एकाला डोळे तपासायच्या दवाखान्याचा पत्ता शोधताना आलं होतं, एकाला इन्सुलिनच्या सुईबद्दल वाचताना. सगळेच शुगरवाले. एकाच तळ्याभोवती डॉक्टरच्या हुकुमानं फिरणारे. घरी कुलूप म्हणून त्यांनी बाकड्याचा पत्ता दिला होता. आणि एकेक खाऊन कुणीच थांबत नव्हतं.

बाकड्याच्या टोकाला एक जागा रिकामी होती. तिथे रोज हरिसाधन कयाल बसायचे, वीज कंपनीतून निवृत्त झालेले. पायाच्या बोटाला साधा फोड आला होता, त्यांनी तो अंगावर काढला, आता ते इस्पितळात होते आणि परवा ते बोट काढलं होतं. हे सगळं बनबिहारीबाबूंनी खालच्या आवाजात सांगितलं आणि हातातला अर्धा संदेश खोक्यात परत ठेवला. गदाधरबाबू थोडे मागे उभे होते. त्यांनी टोप्यांवरून नजर फिरवली, पळणारी पोरं कुठे दिसतात का पाहिलं आणि शाल सावरत आपल्या गाडीकडे गेले.

कचेरीत पोचल्यावर भोंबलनं दार लावून घेतलं आणि मोहिमेचे आकडे उघडले. इतके दिवस त्यानं फक्त वर जाणारी रेघ बघितली होती. ती कुठून वर जाते ते बघायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. मिठाई, गोड, रसगुल्ला या शब्दांच्या वाट्याला चार-दोन दाणे आले होते. सगळं पीक एकाच शब्दाचं होतं. दिवसातून दहा वेळा हा शब्द ज्या घरात बोलला जातो, तिथे बसून, बिनसाखरेचा चहा पीत, भोंबल समाजदारनं कोलकात्यातल्या शुगरवाल्यांची घरं यंत्राला दाखवून दिली होती, आणि यंत्र आज्ञाधारकपणे त्यांच्या दारात जाऊन बसलं होतं. आपण गाढव आहोत हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, पण ते आजवर त्यानं हसून सांगितलं होतं. आता हसू येईना. पायाचं बोट ही गोष्ट विनोदात बसत नव्हती.

तो टुटुलदांकडे गेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दाढी कुरवाळली.

"भोंबल, तुला यातलं सौंदर्य दिसत नाहीये," ते म्हणाले. "ज्याला मनाई आहे तोच खरा भुकेला. हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. पारितोषिकाच्या अर्जात आपण हेच लिहू."

"दादा, एका माणसाचं बोट गेलं."

"आपल्या जाहिरातीनं गेलं, असं डॉक्टरनं लिहून दिलंय?"

तसं कुणी लिहून दिलं नव्हतं. ते बोट बहुधा संदेशाशिवायही गेलं असतं, हे भोंबललाही कळत होतं. टुटुलदांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गोव्याचा मेळावा होऊ दे, मुंबईचं पत्र हातात पडू दे, मग सावकाश बघू, असं म्हणाले. पंचवीस वर्षांत भोंबलनं कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या प्रगतीचं तेच मुख्य कारण होतं. तो "बरं" म्हणाला, आपल्या खोलीत आला आणि यादीतला तो एक शब्द काढून टाकला. खरं तर हे काम एका बोटाचं. पण बोट टेकवायला त्याला बराच वेळ लागला. आणि बोट टेकवल्यावर शौर्य गाजवल्यासारखं काही वाटेल म्हणून तो खुर्चीत ताठ बसून राहिला. तसं काहीच वाटलं नाही. भूक लागली.

दुपारी तो भवानीपूरला गेला. गिऱ्हाइकाला न सांगता मोहीम बदलली, हे निदान त्याला सांगावं एवढी लाज शिल्लक होती. गदाधरबाबू गल्ल्यावर बसले होते. भोंबलनं उभ्यानंच सांगितलं: यादी, शब्द, बाकडं, हरिसाधनबाबू. आपण मोदकांच्या नावाला बट्टा लावला असं ते म्हणतील, किंवा नुकसानभरपाई मागतील, याची त्यानं तयारी केली होती. गदाधरबाबूंनी एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे पोरं परत आली नाहीत?"

"नाही."

"एकही नाही?"

भोंबलनं खाली पाहिलं. काचेच्या कपाटात संदेशाच्या रांगा होत्या, शंखाच्या, माशाच्या आकाराच्या, आणि त्यात नव्या गुळाचा तो गाजलेला गोल संदेश.

"मी नातवाला सांगितलं होतं," गदाधरबाबू म्हणाले. "की तुझ्या वयाची पोरं आजोबाचा संदेश मागवतात. तो म्हणाला, खोटं आहे. मी त्याला तुमचा आलेख दाखवला."

त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि मोहीम बंद करायला सांगितलं. भोंबलचा राग येऊन नव्हे, लाजेनं. निघताना सवयीनं त्यांनी द्रोणात एक संदेश पुढे केला. तो घ्यावा की न घ्यावा हे भोंबलला कळेना. शेवटी त्यानं घेतला आणि रस्त्यात उभं राहून खाल्ला. संदेश खरोखर फार चांगला होता. त्याला जाहिरातीची गरज पडावी याचंच त्याला वाईट वाटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. गिऱ्हाईक गेलं म्हणून गोव्याचा अर्ज मागे घ्यावा लागला. मुंबईचं पत्र आलं नाही. टुटुलदा ओरडले नाहीत. ते सभ्य भद्रलोक होते. त्यांनी भोंबलला 'ज्येष्ठ सल्लागार' केलं आणि त्याचं टेबल चहाच्या खोलीशेजारी हलवलं. सल्ला विचारायला कुणी येत नसे. दूध संपलं का हे विचारायला येत. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट समजून उमजून केली होती, आणि पहिल्यांदाच तो घसरून खरोखर खाली पडला होता.

घरी तर आणखी वाईट. केतकीला त्यानं सगळं सांगितलं होतं, फक्त बाकड्यावर कोण कोण होतं ते सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि बाबांच्या टोपीला गुळाचा वास कशानं येतो?" त्यानंतर ती सकाळी वडिलांना तळ्यापर्यंत पोचवायला जाऊ लागली. बनबिहारीबाबूंनी जावयाशी बोलणं टाकलं. जाहिरात बंद झाली ती यानंच केली, हे बाकड्यावर कळलं होतं. तळ्यावरून जाताना भोंबल दिसला की साऱ्या टोप्या एकदम पाण्याकडे वळत.

एका रविवारी तो हरिसाधनबाबूंना भेटायला इस्पितळात गेला. ते बारीक अंगाचे, गमत्या स्वभावाचे होते. पाय उशीवर ठेवलेला, त्याला मोठी पांढरी पट्टी बांधलेली. आपण बनबिहारीबाबूंचे जावई, एवढीच ओळख भोंबलनं करून दिली. हरिसाधनबाबू मोकळेपणानं बोलू लागले. बोट गेलं त्याचं त्यांना फार वाटत नव्हतं, चपलांचा अंदाज बदलला एवढंच. पण त्या जाहिरातीचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. आपल्याच मनातलं कुणी कसं लिहिलं? बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी ते स्वतःशी नेमकं तेच वाक्य म्हणत होते.

"ती लिहिणारा माणूस माझ्या घरात लपून बसत असणार," ते म्हणाले.

"ती मी लिहिली," भोंबल म्हणाला.

हरिसाधनबाबूंनी त्याला नीट न्याहाळलं. टक्कल, सुटलेलं पोट, मांडीवरची फळांची पिशवी.

"मला वाटलं होतं कुणी तरुण मुलगा असेल," ते म्हणाले. "खाल्लं मी माझ्या तोंडानं. तुम्ही काही घास भरवला नाहीत. पण दारापर्यंत हाताला धरून नेलंत, हेही खोटं नाही."

भोंबलनं खूप दिवस घोळवलेली माफी मागितली. ती त्याच्या जाहिरातींपेक्षा बरीच लांब झाली. हरिसाधनबाबूंनी मध्येच हात वर करून थांबवलं आणि पिशवीत काय आहे ते विचारलं. पेरू होते. त्यांनी एक मागून घेतला. त्या दिवशी जिन्याशी एक परिचारिका येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोट टोचून शुगर बघत होती. हरिसाधनबाबूंनी खाटेवरूनच तिला ओरडून सांगितलं, की या गृहस्थांचंही बघा, हे शुगरच्याच धंद्यात आहेत. भोंबलनं हसत बोट पुढे केलं. आकडा बघून परिचारिका हसली नाही. तिनं पुन्हा टोचलं.

ही बातमी बाकड्यावर त्याच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनबिहारीबाबूंनी त्याच्या दारावर टकटक केली. हातात जुनी माकडटोपी होती. "बाबाजीवन," ते म्हणाले, "ऊठ-सूट मोटारीनं हिंडणं पुरे. चला." तळ्यावर टोप्या सरकल्या आणि त्याला जागा करून दिली. कोण किती गोळ्या घेतो, कुणाच्या सुनेनं कुठे कुलूप लावलंय, सगळं त्याला सांगण्यात आलं. कुणीतरी त्याच्या आकड्याबद्दल आदरानं बोललं. नवशिक्याला पहिल्याच फटक्यात एवढा क्वचित येतो म्हणे.

फेब्रुवारीत त्यानं एजन्सी सोडली. जादवपूरला रक्त तपासणीच्या चार-पाच केंद्रांचा एक छोटा धंदा होता, तिथे जाहिरातीचं बघायला माणूस हवा होता. मुलाखत घ्यायला मालकीण डॉक्टर पारमिता गुहठाकुरता स्वतः बसल्या होत्या. आरोग्याच्या क्षेत्राचा काही अनुभव आहे का, असं त्यांनी विचारलं. भोंबलनं आधी सवयीप्रमाणे लग्नकार्यातला किस्सा सुरू केला, ट्राम, फ्लॅट आणि उपवर मुलगी. त्या हसल्या. मग त्यानं संदेशाचं सांगितलं आणि ते सांगताना त्याला कुठेच विनोद करता येईना.

"तुमची स्वतःची किती आहे?" त्यांनी विचारलं.

त्यानं सांगितली.

"औषध घेता?"

"घेतो. सासरे उभे राहून घ्यायला लावतात."

पगार जवळजवळ निम्मा होता आणि हुद्दा तीन शब्दांचा. भोंबलनं तो घेतला. पहिलंच काम सरोवराजवळच्या फुकट तपासणी शिबिराचं आलं. त्यानं कष्टानं जाहिरात लिहिली, यादीत तोच शब्द नीट विचार करून घातला आणि रोज आकडे उघडून बघू लागला. रेघ आडवी पडली ती उठेचना. ज्या लोकांनी संदेशावर धडाधड बोटं टेकवली होती, त्यांनाच आता सुईचं आमंत्रण दिसत होतं आणि ते शहाण्यासारखं वर सरकवून देत होते. माणसांनी जे घेऊ नये तेच आपण छान विकू शकतो, जे घ्यायला हवं ते नाही, अशी या अनुभवाची एका ओळीत नोंद त्यानं मनात केली. ओळ बरी जमली म्हणून थोडा खूषही झाला, आणि मग स्वतःचाच राग आला.

शिबिराच्या दिवशी तंबूत टेबल मांडून दोन मुली बसल्या होत्या. कुणी फिरकत नव्हतं. बनबिहारीबाबूंनी काही वेळ हा प्रकार पाहिला, मग माकडटोपी सारखी केली आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. प्रत्येक फिरणाऱ्याला थांबवून त्यांनी एवढंच विचारायला सुरुवात केली, की तुमच्या बायकोनं साखरेची किल्ली कुठे ठेवलीय. माणूस थबकायचा, हसायचा, तक्रार सांगायला लागायचा, आणि ती ऐकत ऐकत बनबिहारीबाबू त्याला तंबूपर्यंत आणून सोडायचे. तासाभरात टेबलापुढे गर्दी झाली. हरिसाधनबाबू काठी टेकत रिक्षातून उतरले, तंबूच्या तोंडाशी खुर्ची मागून घेतली आणि बांधलेला पाय समोर स्टुलावर नीट ठेवून बसले. येणारा प्रत्येक जण आधी पायाकडे बघत होता आणि मग मुकाट्यानं बाही वर करत होता.

भोंबलनं छापून आणलेले फलक गुंडाळून ठेवले. बनबिहारीबाबू घामाघूम होऊन पाणी प्यायला आले.

"बाबाजीवन, यात तुमचं नेमकं काम काय असतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

भोंबलनं आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या कमी पडत होत्या. समोरच्या चहावाल्याकडे बाकडी होती. तो उठला आणि ती आणायला गेला.